दंतमुळाचा संसर्ग आणि रक्तवाहिन्यांचे आरोग्य

दंतमुळाचा संसर्ग म्हणजे दाताच्या गाभ्यातील ऊती मृत होऊन तेथे वाढलेल्या जीवाणूंमुळे मुळाच्या टोकाभोवतीच्या हाडात उत्पन्न होणारा शोथ होय. तो बहुधा दीर्घकाल टिकतो आणि पुष्कळदा वेदनारहित असतो. जगभरातील अभ्यासांच्या २०२१ सालच्या एकत्रित आढाव्यानुसार सुमारे निम्म्या प्रौढ व्यक्तींच्या किमान एका दाताच्या मुळाशी असा शोथ असतो. या संसर्गाचा हृदयविकाराशी व एकूणच रक्तवाहिन्यांच्या आरोग्याशी संबंध असावा, असे दर्शविणारे संशोधन गेल्या तीन-चार दशकांत पुढे आले आहे. हा संबंध कार्यकारणाचा आहे की केवळ साहचर्याचा, याविषयी मात्र एकमत झालेले नाही. महाराष्ट्रात, विशेषतः नंदुरबार जिल्ह्यातील शहादा, तळोदे, अक्कलकुवा व अक्राणी या सातपुड्यालगतच्या तालुक्यांत, या विषयाला सिकलसेल या रक्तविकारामुळे एक वेगळे परिमाण लाभले आहे. तेथे दात आणि रक्तवाहिनी यांचा संबंध उलट्या दिशेनेही चालतो.

दाताचा गाभा आणि संसर्गाचा मार्ग

दाताचे बाह्य कवच शरीरातील सर्वांत कठीण पदार्थाचे असले, तरी त्याच्या आत मऊ, सजीव गाभा असतो. त्यास दंतमज्जा म्हणतात. तीत बारीक रक्तवाहिन्या, चेतातंतू व संयोजी ऊती असतात. त्यांचा शरीराशी असलेला मुख्य दुवा म्हणजे मुळाच्या टोकावरील अतिसूक्ष्म छिद्र. या एकाच दारातून रक्त आत येते आणि बाहेरही जाते. गाभ्याच्या चारही बाजूंना कठीण भिंती असल्याने सूज आली तरी तिला पसरायला जागा मिळत नाही. आतील दाब वाढतो, शिरा दबल्या जातात, रक्ताभिसरण मंदावते आणि अखेर थांबते. दाढेचा रात्री आडवे झाल्यावर वाढणारा ठणका याच दाबाचा परिणाम असतो.

गाभा मेल्यावर ठणका थांबतो. नेमक्या याच वेळी रुग्णाची समजूत होते की दात बरा झाला. भुईरिंगणीच्या बियांची धुरी घेऊन दातातील ‘कीड’ पडली, असे पूर्वी खेड्यापाड्यांत सांगितले जाई. लवंगेच्या तेलाच्या बोळ्याने किंवा दुकानातून आणलेल्या गोळीने आराम पडल्याचे आजही सांगितले जाते. या आरामामागे पुष्कळदा गाभ्याचा मृत्यूच असतो. वेदना जाणवून देणारा चेतातंतूच मेल्याने दुखणे थांबते आणि संसर्गाला मुळाच्या टोकाकडे जाण्यास निर्वेध वाट मिळते. तेथे हाड हळूहळू झिजते व त्याच्या जागी शोथग्रस्त ऊतींची गाठ तयार होते. क्ष-किरण चित्रात ती काळसर डागासारखी दिसते. कधी पू हिरडीवर लहानशी पुळी करून पाझरतो. प्राचीन वैद्यकालाही हे रूप परिचित होते. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात मुखरोगांची संख्या ६५ दिली असून त्यांतील दंतमूलगत रोग १५ आहेत. त्यांत पू वाहणाऱ्या पाच दंतनाड्यांचा समावेश आहे.

या व्याधीचे मूळ जीवाणूंतच आहे, हे अमेरिकेत १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने सिद्ध झाले. काकेहाशी, स्टॅन्ली व फिट्झगेराल्ड यांनी पूर्णतः जंतुमुक्त वातावरणात वाढविलेल्या उंदरांच्या दाढांचा गाभा उघडा पाडला. तो मेला नाही, उलट त्यावर नवीन कठीण थर बसला. साध्या वातावरणातील उंदरांत मात्र गाभा मेला आणि मुळाशी गळवे झाली.

रक्तवाहिनीचे अस्तर

रक्तवाहिनी ही केवळ नळी नव्हे. तिच्या आतील पृष्ठभागावर पेशींचा एकपदरी थर असतो. त्यास अंतःस्तर म्हणतात. धमनी (जुन्या पाठ्यपुस्तकांतील रोहिणी) केव्हा रुंदावेल, रक्त केव्हा गोठेल, पांढऱ्या पेशी कोठे चिकटतील, हे बऱ्याच अंशी हा थर ठरवितो. तो नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार करतो आणि त्यामुळे धमनीच्या भिंतीतील स्नायू सैल पडतात. या शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो व मुराद या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना १९९८ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अंतःस्तराचे कार्य बिघडणे ही धमन्यांत मेदाचे थर साचण्याची पहिली पायरी मानली जाते. ही पायरी हृदयविकाराच्या झटक्याच्या कित्येक वर्षे आधी ओलांडलेली असते.

दातापासून रक्तवाहिनीपर्यंत

मुळाशी असलेला संसर्ग रक्तवाहिन्यांपर्यंत कसा पोहोचू शकतो, याची दोन मुख्य स्पष्टीकरणे दिली जातात. पहिले जीवाणूंच्या प्रत्यक्ष प्रवासाचे. दात काढताना, कधी चावताना वा दात घासतानाही तोंडातील जीवाणू काही मिनिटे रक्तात आढळतात. निरोगी व्यक्तीत ते लगेच नष्ट होतात. परंतु हृदयाच्या झडपा आधीच खराब असल्यास ते तेथे चिकटून हृदयाच्या अस्तराचा जीवघेणा शोथ निर्माण करू शकतात. त्यास एंडोकार्डायटिस म्हणतात. या ठिकाणी तोंडातील जीवाणू आणि हृदय यांचा संबंध निर्विवाद आहे.

दुसरे स्पष्टीकरण शोथाचे आहे. मुळाशी तळ ठोकून बसलेल्या जीवाणूंशी शरीर सतत झुंजत असते. या झुंजीत तयार होणारी संदेशवाहक प्रथिने रक्तात मिसळतात. त्यामुळे यकृतात सी-रिॲक्टिव्ह प्रोटीनची निर्मिती वाढते आणि अंतःस्तर चिकट व रक्त गोठण्यास अनुकूल बनतो. हा परिणाम एका दिवसात दिसणारा नसून वर्षानुवर्षे थेंबथेंब साचणारा आहे. त्यामुळेच तो मोजणे अवघड जाते.

अचानक उद्भवणारे प्रकार वेगळे. खालच्या दाढांच्या मुळांतील पू जबड्याखाली व जिभेखाली पसरला, तर मान ताठरते, जीभ वर उचलली जाते आणि श्वासमार्ग बंद पडू शकतो. जर्मन वैद्य लुडविग यांनी १८३६ साली वर्णिलेला हा विकार त्यांच्याच नावाने ओळखला जातो. क्वचित वरच्या दातांतील संसर्ग शिरांमार्गे कवटीच्या तळाशी असलेल्या शिरानालात पोहोचून तेथे रक्ताची गुठळी करतो.

एका सिद्धान्ताचा उदय व अस्त

तोंडातील जंतू दूरच्या अवयवांना बाधतात, ही कल्पना बर्लिनमध्ये अध्यापन करणारे अमेरिकी दंतवैद्य विलोबी मिलर यांनी १८९१ साली स्पष्टपणे मांडली. लंडनचे वैद्य विल्यम हंटर यांनी १९१० साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात भाषण करून कुजक्या मुळांवर सोन्याच्या टोप्या बसविणाऱ्या दंतवैद्यकावर कठोर टीका केली. टीकेत तथ्य होते. पण तिचे पडसाद भलतेच उमटले. संधिवात, पांडुरोग, मनोविकार अशा कशाचेही खापर दातांवर फोडले जाऊ लागले आणि हजारो लोकांचे दात सरसकट उपटले गेले. अमेरिकेतील ट्रेंटनच्या मनोरुग्णालयात तर वेडावरचा इलाज म्हणून रुग्णांचे दात काढले जात. वेस्टन प्राइस यांनी १९२३ साली प्रसिद्ध केलेल्या द्विखंडी ग्रंथाने या लाटेला बळ दिले. काढलेले दात सशांच्या कातडीखाली पुरून त्यांनी प्रयोग केले होते. त्या प्रयोगांत तुलनेची योग्य व्यवस्था नव्हती.

१९३८ साली सेसिल व अँजेविन यांनी संधिवाताच्या २०० रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. दात व टॉन्सिल काढून रुग्ण बरे होत नाहीत, असे तीत दिसून आले. सेसिल हे स्वतः पूर्वी या मताचे पुरस्कर्ते होते. आपलेच मत तपासून सोडून देण्याची अशी उदाहरणे वैद्यकाच्या इतिहासात फार नाहीत. यानंतर सिद्धान्त मागे पडला तो इतका, की पुढील अर्धे शतक दात आणि हृदय यांचा एकत्र उल्लेखही संशयास्पद ठरे. प्राइस यांच्या ग्रंथाचा आधार घेऊन ‘रूट कॅनाल केल्याने हृदयविकार होतो’ असा प्रचार आजही समाजमाध्यमांवर फिरतो. त्याला पुरावा नाही. उपचार केलेल्या दातापेक्षा उपचाराविना राहिलेला दातच चिंतेचा विषय आहे.

आधुनिक संशोधन

फिनलंडमध्ये १९८९ साली मॅटिला व सहकाऱ्यांनी हृदयविकाराचा झटका आलेल्या १०० रुग्णांची तुलना १०२ निरोगी व्यक्तींशी केली. रुग्णांची दंतस्थिती अधिक वाईट आढळली आणि विषय पुन्हा चर्चेत आला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील माजी सैनिकांच्या प्रदीर्घ अभ्यासात, आरंभी चाळिशीच्या आत असलेल्या पुरुषांत मुळाशी होणारे विकार व पुढे उद्भवलेला हृदयधमनीविकार यांत संबंध दिसला. चाळिशीपुढील पुरुषांत मात्र तो दिसला नाही. इटलीतील कोट्टी व सहकाऱ्यांनी २०११ साली २० ते ४० वर्षांच्या, एरवी निरोगी असलेल्या पुरुषांची तपासणी केली. मुळाशी शोथ असलेल्यांच्या अंतःस्तराची कार्यक्षमता कमी भरली. फिनलंडमधीलच तांपेरे येथे २०१३ साली हृदयविकाराच्या १०१ रुग्णांच्या धमनीतून काढलेल्या गुठळ्या तपासण्यात आल्या. सुमारे ७८ टक्के गुठळ्यांत तोंडात आढळणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस गटातील जीवाणूंचा डीएनए मिळाला. डीएनए सापडला याचा अर्थ जीवाणूंनीच गुठळी केली, असा होत नाही. घटनास्थळी कोणी आढळला एवढ्यावरून तो गुन्हेगार ठरत नाही.

उपचाराने रक्तवाहिन्या सुधारतात काय, हा यापुढचा प्रश्न. टोनेट्टी व सहकाऱ्यांनी २००७ साली १२० रुग्णांवर केलेला प्रयोग या संदर्भात नेहमी उद्धृत होतो. तो हिरड्यांच्या तीव्र विकाराविषयी होता, मुळाच्या टोकाच्या संसर्गाविषयी नव्हे. सखोल उपचारानंतर पहिल्या दिवशी अंतःस्तराचे कार्य घसरले, परंतु दोन व सहा महिन्यांनी ते तुलनेच्या गटापेक्षा चांगले झाले. हृदयविकाराचे झटके कमी होतात काय, हे मात्र अशा प्रयोगाने कळत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ साली आपल्या निवेदनात हिरड्यांचे विकार व धमनीविकार यांतील साहचर्य मान्य केले, पण कार्यकारणभाव सिद्ध झाला नसल्याचे नमूद केले.

सर्वांत मोठी अडचण समान कारणांची आहे. तंबाखू, मधुमेह, वाढते वय आणि गरिबी ही दातही बिघडवितात आणि धमन्याही. विडी ओढणाऱ्या, मिश्री लावणाऱ्या वा गुटखा खाणाऱ्या व्यक्तीच्या दाढेतील पू आणि हृदयातील अडथळा यांचा एकमेकांशी संबंध नसून दोहोंचे कारण एकच असू शकते. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. मिश्री मात्र अनेक घरांत अजून ‘दात साफ करण्याची वस्तू’ म्हणूनच नांदते.

सिकलसेल आणि सातपुड्याचा परिसर

वर वर्णिलेल्या संबंधात दात हे कारण व रक्तवाहिनी हे परिणामस्थान मानले जाते. सिकलसेल विकारात हा क्रम उलटतो: रक्तवाहिनी आधी बंद पडते आणि तिच्यामुळे दात मरतो.

शहादे हे गोमाई नदीकाठचे, ऊस व केळीच्या बागायतीसाठी प्रसिद्ध असलेले शहर. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा झाला व हा तालुका नव्या जिल्ह्यात आला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी आहे. हे प्रमाण राज्यात सर्वाधिक आहे. भिल्ल व पावरा हे येथील प्रमुख समाज असून, सिकलसेलच्या जनुकाचे प्रमाण ज्या समाजांत जास्त आढळते त्यांत या दोहोंची गणना होते. काही पाहण्यांत दर पाच व्यक्तींमागे एक वा त्याहून अधिक वाहक आढळले आहेत. हिवतापाच्या प्रदेशात वाहकांना त्या रोगापासून काहीसे संरक्षण मिळत असल्याने हे जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिले, असे मानतात. भारतात या विकाराची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीतील आदिवासींत झाली.

आईवडील दोघांकडूनही हे जनुक आलेल्या व्यक्तीस ‘एसएस’ म्हणजे रुग्ण, तर एकाकडूनच आलेल्यास ‘एएस’ म्हणजे वाहक म्हणतात. वाहकास सहसा त्रास नसतो. रुग्णाच्या रक्तातील हिमोग्लोबिनाच्या रेणूत एका अमिनो आम्लाचा बदल झालेला असतो. प्राणवायू कमी पडला की असे हिमोग्लोबिन एकत्र जमून ताठर तंतू होते आणि गोल, लवचीक तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी होते. अशा पेशी अंतःस्तराला चिकटतात, बारीक वाहिन्या तुंबवितात आणि फुटल्यावर रक्तात मोकळे झालेले हिमोग्लोबिन नायट्रिक ऑक्साइड शोषून घेते. त्यामुळे सिकलसेल हा रक्ताइतकाच रक्तवाहिन्यांचाही आजार आहे.

एकाच सूक्ष्म छिद्रातून रक्त घेणारा दाताचा गाभा अशा तुंबाऱ्याला सहज बळी पडतो. ब्राझीलमधील २०१३ सालच्या एका अभ्यासात सिकलसेलच्या रुग्णांत न किडलेल्या, न फुटलेल्या दातांचाही गाभा मृत झाल्याचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच अधिक आढळले. असा दात बाहेरून धडधाकट दिसतो. किडीचा मागमूस नसताना दाताचा ठणका लागल्याची तक्रार घेऊन मूल आले, तर ‘दात चांगला आहे’ म्हणून परत पाठविले जाण्याची, किंवा पुढे चुकीचा दात उपटला जाण्याची शक्यता राहते. गाभा सजीव आहे की मृत, हे ओळखण्यासाठी दातावर थंड स्पर्श देऊन वा सौम्य विद्युत्प्रवाहाने तपासणी करता येते. साधने फार खर्चाची नाहीत. रुग्ण सिकलसेलचा आहे हे ठाऊक असणे मात्र आवश्यक असते. खालच्या जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटल्यास खालचा ओठ व हनुवटी बधिर होते. हे लक्षणही दाताच्या दुखण्यात जमा होऊन दुर्लक्षित राहू शकते.

मृत गाभ्यात पुढे जीवाणू शिरले की चक्र पुरे होते. ताप, निर्जलीकरण व संसर्ग यांनी सिकलसेलचा वेदनादायक झटका उद्भवतो आणि दाढेतील पू हे त्याचे एक निमित्त ठरू शकते. सिकलसेलच्या रुग्णांची प्लीहा लहानपणीच निकामी झालेली असल्याने जंतूंशी लढण्याची त्यांची शक्ती कमी असते, ही त्यात भर. भारतीय रुग्णांत गर्भस्थ हिमोग्लोबिनाचे प्रमाण तुलनेने अधिक राहत असल्याने येथील आजार सौम्य असतो, असे सांगितले जाते. सर्वसाधारणपणे ते खरे असले, तरी एखाद्या रुग्णाच्या बाबतीत त्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

या परिसरातून दरवर्षी अनेक कुटुंबे दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात. दंतमुळाच्या उपचाराला बहुधा दोन-तीन फेऱ्या लागतात. तोडीचा हंगाम सुरू झाला की उरलेल्या फेऱ्या राहून जातात, तात्पुरते भरलेले सिमेंट निघते आणि अर्धवट उघडा दात जंतूंना खुला राहतो. अशा कुटुंबांच्या दृष्टीने एकाच बैठकीत उपचार पुरा करणे किंवा वाचविण्याजोगा नसलेला दात वेळीच काढणे अधिक हिताचे ठरते. शहरी पुस्तकांतील आदर्श उपचारपद्धती येथे जशीच्या तशी चालत नाही.

केंद्र शासनाने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू केले. ४० वर्षांपर्यंतच्या सुमारे सात कोटी व्यक्तींची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन ही त्याची उद्दिष्टे आहेत. तपासणीनंतर व्यक्तीस कार्ड दिले जाते. दंतवैद्याकडे जाताना हे कार्ड सोबत नेणे उपयुक्त असते.

उपचार व दक्षता

मृत गाभ्याच्या संसर्गावर केवळ प्रतिजैविकांच्या गोळ्या निरुपयोगी ठरतात. याचे कारण पुन्हा रक्तवाहिन्यांतच आहे: औषध रक्तातून पोहोचते आणि मेलेल्या गाभ्यात रक्त जातच नाही. गोळ्यांनी आजूबाजूची सूज ओसरते, पण मुळातील जंतू तसेच राहतात व सूज पुन्हा उलटते. म्हणून मुळाची नलिका साफ करून ती भरणे, म्हणजे रूट कॅनाल उपचार, किंवा दात काढणे हेच खरे उपाय होत. ताप, पसरणारी सूज, तोंड न उघडणे किंवा गिळण्यास त्रास असल्यास प्रतिजैविकांची गरज असते आणि तेव्हा रुग्णालय गाठण्यास विलंब करू नये. वरचा दात काढल्याने दृष्टी अधू होते, ही समजूत निराधार आहे. तिच्यापायी पू झालेला दात वर्षानुवर्षे बाळगणारे लोक मात्र आढळतात.

सिकलसेलच्या रुग्णावर दंतोपचार शक्यतो झटका नसतानाच्या काळात, थोडक्या वेळाच्या बैठकांत केले जातात. त्याने आधी भरपूर पाणी प्यावे व उपाशी राहू नये. वेदनाशामक गोळ्या परस्पर घेणे या रुग्णांत मूत्रपिंडांना विशेष अपायकारक असते.

हृदयाची कृत्रिम झडप असलेल्या वा पूर्वी एंडोकार्डायटिस होऊन गेलेल्या व्यक्तींस दात काढण्यापूर्वी प्रतिजैविकाची एक मात्रा देण्याची पद्धत आहे. २००७ पासून ही शिफारस अशा मोजक्याच रुग्णांपुरती ठेवण्यात आली आहे. हृदयधमनीत स्टेंट बसविलेल्यांनी रक्त पातळ ठेवणारी औषधे दात काढण्यासाठी स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. हिरडीतील रक्तस्राव दाबून थांबविता येतो, स्टेंटमधील गुठळी तशी थांबविता येत नाही.

दात व हृदय यांचा गोंधळ आणखी एका प्रकारे होतो. हृदयाला रक्त कमी पडल्यास होणारी वेदना कित्येकदा छातीऐवजी जबड्यात, विशेषतः डाव्या बाजूस जाणवते. चढण चढताना वा ओझे वाहताना उठणारी व विसावा घेताच थांबणारी जबड्याची कळ दाताची नसण्याचा संभव मोठा असतो. अशा वेळी दाताच्या आधी हृदयाचा आलेख काढणे योग्य ठरते.